हिरवी गल्ली

आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात दातवालीचे दात आहेत. ती डेंटिस्ट नव्हे, कवळ्या बनवणारी. शहरातले डॉक्टर तिच्याकडे जबड्यांचे साचे पाठवतात आणि ती पुढच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी पावडर घेऊन त्यावर दात बसवते. हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर तिने त्याचं स्टूल आपल्या उंचीला करून घेतलं आणि काम तसंच पुढे चालू ठेवलं. मी तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. दुपारी तिचं घासायचं मशीन सुरू झालं की माझ्या फडताळातल्या बशा थरथरतात. मी जाऊन कटकट करते, आणि ती मला बशा नीट रचायला सांगते.

तिला एकच मुलगी. लहान असताना तापात पोरीचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून मायलेकी हातांनी बोलतात, आणि इतकं बोलतात की बघणाऱ्याला धाप लागावी. भांडणंही हातांनीच, फक्त भांडताना दातवाली हातातला चाकू आधी खाली ठेवायची. पुढे मुलीचं लग्न झालं. जावयालाही ऐकू येत नाही. तो छापखान्यात कामाला, आणि त्यांचं गाव इथून रात्रंदिवसाच्या प्रवासाचं. मागे घरात उरल्या दोघी, दातवाली आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू.

आणि एक तार. आमच्या गल्लीत इंटरनेटची तार फक्त तिच्या घरात होती, कारण तिचं घर गल्लीच्या तोंडाशी. कंपनीने खांबावरून तिथपर्यंत तार ओढली आणि पुढची घरं उतारावर आहेत, परवडत नाही म्हणून गाशा गुंडाळला. मोबाईलचं म्हणाल तर टेकाड आडवं येतं, दोन वाक्यांत बोलणं तुटतं. घरोघरी तार पोचवायची सरकारी योजना जाहीर होऊन एवढी वर्षं झाली की रस्त्यावरच्या फलकावरचा हसरा माणूस उन्हाने पांढराफटक पडला, नुसते दात उरले. माझ्या सुनेला घरून करायचं चांगलं काम सोडावं लागलं. कुणाचा अभ्यास अडला, कुणाचं पेन्शन. तक्रार केली की एक क्रमांक मिळायचा, आणि चार दिवसांनी तक्रार निकाली निघाल्याचा संदेश यायचा. तोही टेकाडावर गेलं तरच दिसायचा.

आमच्याकडे कॅशियर म्हणून एक गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त झाले, पण खिडकीपलीकडच्याला सुनवायची सवय गेली नाही. दूरसंचार नियामकाची जनसुनावणी आहे असं कळल्यावर ते मला घेऊन तिथे गेले. भिंतीवर मोठा नकाशा होता. जिथे तार पोचली तो भाग हिरवा, बाकीचा पांढरा. आमची गल्ली हिरवीगार. कॅशियरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तिथल्या अधिकारीणबाईंनी शांतपणे समजावलं की नियमानुसार एका घरात जोडणी असली की पूर्ण गल्ली जोडलेली धरतात.

"म्हणजे एक जण जेवला की सगळी गल्ली जेवली?" कॅशियर म्हणाले.

बाईंनी ही सूचना नोंदवून घेतली. मग म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात फेरतपासणी आहे, तेव्हा एकही चालू जोडणी सापडली नाही तर गल्ली पांढरी होईल आणि थोड्याच महिन्यांत काम सुरू होईल. कॅशियरांनी खात्री करायला कंपनीत विचारलं, तर तिथलं उत्तर असं की आमच्या भागात नव्या जोडण्या बंद आहेत, एकदा काढलेली तार परत मिळणार नाही.

त्या संध्याकाळपासून येता-जाता सगळ्यांची नजर दातवालीच्या छपराखालच्या तारेवर. जिच्या दातांनी जेवायचं तिच्यावरच दात-ओठ खायचे, असा प्रकार. मला राग यायचा, आणि माझ्या सुनेचं उतरलेलं तोंड बघितलं की तार काढावी असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं, त्याला मी काय करणार.

शेवटी गल्लीतले लोक तिच्याकडे गेले. प्लास्टरच्या जबड्यांमधून जागा करून बसले. कॅशियरांनी नकाशा, नियम, सगळं सांगितलं आणि एका घराने मनावर घेतलं तर सगळ्यांचं भलं होईल असं गोड शब्दांत सुचवलं. ती हातातलं मेण मळत राहिली.

"काका, तार काढली तर मी लेकीशी बोलू कशी? फोन केला तर तिला ऐकू येणार आहे का?"

कुणीतरी म्हणालं, लिहून पाठवत जा.

"तुम्ही तुमच्या मुलांशी चिठ्ठ्या लिहून बोलता?"

गोष्ट नुसती बोलण्याचीही नव्हती. मुलीचे दिवस भरत आले होते. तिथल्या नर्सना हातांची भाषा येत नाही, जावयाला नर्सचं ऐकू येत नाही, आणि सासूला टाकून दातवालीला जाता येत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की बाळंतपणात पलंगाशेजारी फोन ठेवायचा. नर्स जे बोलेल ते आई इथून ऐकेल आणि हातांनी लेकीला सांगेल. सगळी मदार त्या तारेवर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे होते तेव्हा मुलीचा फोन आला. ती घाईघाईने काही सांगत होती, चेहरा घाबरलेला, आणि मधेच चित्र थिजलं. हात तोंडाजवळ, बोटं वाकलेली, तशीच. दातवाली वाट बघत राहिली. मीही. म्हातारी आतल्या खोलीतून विचारत राहिली, काय म्हणते ग पोर? चित्र हललं तेव्हा सांगून झालं होतं आणि मुलगी उत्तराची वाट बघत होती.

हे रोजचंच होतं म्हणे. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर दातवाली कामाला बसली नाही. मला म्हणाली, "ऐन वेळी असं अडकलं तर? नर्स सांगेल थांब आणि पोरीला कळणारच नाही."

मी म्हटलं, "तू स्वतः जा. म्हातारीला मी बघते."

"तुला जमेल?"

"भांडण होईल आमचं. पण जमेल."

मग तिने हिशेब केला. तिकडे दीड-दोन महिने तरी राहायचं. तेवढ्या दिवसांत इथे तारेचा उपयोग नाही, आणि अधिकारीणबाई थोडेच महिने म्हणाल्यात. मी तिला स्पष्ट सांगितलं की सरकारी थोड्या महिन्यांवर विसंबू नकोस. पण सगळ्या गल्लीच्या वाटेत आपण एकटीने उभं राहायचं, हेही तिला झेपत नव्हतं. तार काढून घेणारा माणूस आला तेव्हा ती दारात उभी राहून वेटोळं होईपर्यंत बघत होती. कॅशियरांना म्हणाली, "काका, मी परत येईन तेव्हा नवी तार हवी."

"माझी जबाबदारी," ते म्हणाले.

तपासणीवाला आला, मोकळा खिळा बघून गेला. गल्ली पांढरी झाली. दातवाली गाडीत बसली तेव्हा लक्षात आलं, तिकडे काय चाललंय हे घरबसल्या कळायची एकुलती एक सोय आम्हीच काढून टाकली होती. म्हातारी दर थोड्या वेळाने विचारायची आणि मी तिच्यावर खेकसायची. मग मलाच वाईट वाटायचं.

टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपाशी फोन लागतो. गुडघे धरत मी वर गेले. टाकीच्या कठड्याबाहेर फोन धरल्याबरोबर दातवालीचे अडकलेले संदेश ढिगाने येऊन पडले, आणि नजर नेमकी एकावर गेली: रक्त थांबत नाहीये. बाकीचे वाचायचं धैर्य होईना. शेवटचा तेवढा उघडला: थांबलं, मुलगा, दोघं ठीक. खाली उतरून ते म्हातारीला सांगितलं तेव्हा तिच्याआधी मीच रडले.

दातवाली परत आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी खणलेला चर होता आणि त्यातून एक नारिंगी पाइप वर डोकावत होता, आत काही नाही. कंत्राटदार बदललाय म्हणतात. टप्पा पुढे गेलाय म्हणतात. कॅशियरांनी केलेल्या सगळ्या तक्रारी निकाली निघाल्या. त्यांची कवळी हिरडीला लागायला लागली होती, पण ती घासून घ्यायला ते दातवालीच्या दारात जाईनात. तोंड दाबत हिंडायचे.

तिकडे मुलगी दिवसभर बाळाबरोबर एकटी. ते रडलं तर तिला ऐकू येत नाही, म्हणून ती डोळ्याला डोळा लावत नाही. इकडे दातवालीचं कामात लक्ष लागेना, डॉक्टरांकडून कवळ्या परत यायला लागल्या. रोज दुपारी म्हातारीपाशी मला बसवून ती टाकीवर जाते. मागच्या खिडकीतून मला ती दिसते. चित्र दिसायचं तर फोन कठड्याच्या बाहेर धरावा लागतो, टेकवून चालत नाही. म्हणजे एक हात फोनला. उरलेल्या एका हाताने ती बोलते, मुलीला कळत नाही, मग तेच पुन्हा बोलते. खाली येते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही.

एक दिवस कॅशियर खिडकीखालून जात होते. मी त्यांना थांबवलं आणि वर बोट दाखवलं.

"कॅशियरसाहेब, तिच्या भाषेत बाळ म्हणायला दोन हात लागतात."

त्यांनी चष्मा पुसून वर बघितलं. मला वाटलं, नियम सांगतील.

दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याबरोबर टाकीवर जातात. कठड्यावरून वाकून फोन बाहेर धरतात आणि मान दुसरीकडे वळवतात, कारण मायलेकींचं खासगी बोलणं. त्यातलं त्यांना काही कळत नाही, तरीही वळवतात. हात भरून आला की दुसऱ्या हाताने कोपर धरतात, पण फोन खाली घेत नाहीत.