डाव्या सीटसमोरचं भोक

दादाभाऊ अहिरेंच्या दुकानात मुद्दाम किस्से सांगायला कोणी बसत नाही. ग्राइंडरखाली लोखंडाचा भुसा साठतो तसे ते आपोआप साठतात आणि रोज थोडे चपलेला लागून घरी येतात. माझ्या चपलेला लागून आलेले हे काही. बहुतेकांत हसं माझंच झालेलं आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न नव्हता. तरी मी दादाभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "सांगा की. फक्त मशीनचे आकडे सांगत बसू नका."

दुकान अंबड लिंक रोडला. दादाभाऊ मूळचे नामपूरचे. कांदाचाळींचे अँगल जोडता जोडता नाशकात आले, आता गेट, ग्रिल आणि गाड्यांचे पत्रे जोडतात. त्यांच्या पत्नी मंगलताई तयार गेटं टेम्पोतून पोचवतात, टेम्पो स्वतः चालवतात. सकाळच्या चहाला देवळाली कॅम्पहून स्कूटरवर सुभेदार जाधव येतात. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आणि मी. एकतीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवलं. माझी डॉक्टरेट वेल्डच्या कडेला पडणाऱ्या बारीक तड्यांवर आहे.

मला घरच्या गॅरेजसाठी एक वेल्डिंग मशीन घ्यायचं होतं. माझी बायको शैला हिची छोटी पांढरी गाडी ती गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, घरी उभी आहे. डाव्या सीटसमोरचा तळ गंजून त्याला पंजाएवढं भोक पडलंय. नोंदणीची मुदत संपत आली होती. तळ शाबूत नसेल तर पासिंग नाही, आणि पासिंग नाही तर गाडी भंगारात. तो तळ मला स्वतःच्या हातानं जोडायचा होता. एवढंच.

*

पहिल्या दिवशी मी वही घेऊन गेलो. वहीत चौदा मशीनांचा तक्ता होता: अँपिअर, वजन, वायरची जाडी, सलग किती मिनिटं चालतं, सगळं. लाल पेनानं खुणा, हिरव्या पेनानं शंका. दादाभाऊंनी वही उलटीसुलटी करून पाहिली. पानं छान आखलीत म्हणाले. मग कपाळ खाजवत त्यांच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "सर, पन जोडनं काय शे?"

चौदा ओळी आणि नऊ रकाने होते. जोडायचं काय आहे, हा रकाना नव्हता.

*

मी काय शिकवायचो ते महिनाभर कुणाला बोललो नव्हतो. एक दिवस एका कारखान्याचे मॅनेजर गेटची ऑर्डर द्यायला आले, मला पाहिलं आणि भर दुकानात वाकून नमस्कार केला. सरांनी आम्हाला वेल्डिंग शिकवलं, असं सगळ्यांना सांगून ते निघून गेले.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग दादाभाऊंनी रॉड लावलेला होल्डर माझ्या हातात दिला.

मला कबूल करायला हवं होतं की एकतीस वर्षांत मी फळ्यावर हजारो वेल्ड काढले, लोखंडी पट्टीवर एकही नाही. प्रयोगशाळेत ते काम सहायक करायचा. त्याऐवजी मी काच चढवली, रॉड टेकवला आणि तो पट्टीला चिकटून बसला. घाबरलो की मी शिकवू लागतो, ही माझी जुनी खोड. आर्कची लांबी शून्य झाली की विद्युतदाब कसा कोसळतो, ते मी सगळ्यांना समजावून सांगू लागलो. इकडे रॉड हातात तापून लाल होत चालला होता.

"सर," दादाभाऊ शांतपणे म्हणाले, "आधी सोडवा, मग सांगा."

*

सुभेदारांचं मत ठाम होतं. घ्यायचं तर जुन्या पद्धतीचं, तांब्याच्या गुंडाळीचं जड मशीन. कारण विचारलं तर म्हणाले, "मशीन असं हवं, सर, की चोराला उचलता येऊ नये."

एका रविवारी ते असलं एक मशीन रिक्षात घालून माझ्या घरी चाचणीला घेऊन आले. ते उतरवायला चौघं लागले. खटका दाबला, रॉड टेकवला आणि आमच्या अख्ख्या गल्लीतले दिवे मंद झाले. शेजारच्या कुलकर्णीवहिनी मिक्सरचं भांडं हातात घेऊन फाटकापाशी आल्या. आत अर्धवट वाटलेली खोबऱ्याची चटणी. "सर, संशोधन अजून किती वेळ चालेल?"

घरची लाइन किती भार सोसते, ते मशीनच्या आधी बघायचं असतं. हे मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी ते शिकवायचो.

*

माझी मुलगी मुक्ता बंगळूरला असते. फोनवर ती म्हणाली, बाबा, समोर एवढा चांगला कारागीर आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, त्यांच्याकडून करून घ्या ना. तिचं बरोबरच होतं. ती नेहमी बरोबर असते, आईसारखी.

मी हे दादाभाऊंच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो माझ्या दारात उभा. दादाभाऊंनी मशीन उतरवलं, केबल सोडली, मोजून पत्रा कापायला घेतला. मी गाडीच्या दाराला पाठ लावून उभा होतो. दादाभाऊ म्हणाले, सर, जरा सरका. मला सरकता येईना.

मग त्यांना सांगितलं. अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मला गाडी चालवता येत नाही. शिकायला तीनदा गेलो, तिन्ही वेळा भीतीनं परत आलो. गाडी शैलाच चालवायची आणि मी डावीकडे बसायचो. पावसाळ्यात ओली छत्री पायांत धरून. ती रोज सांगायची की छत्री मागे प्लॅस्टिकच्या टबात टाक, खाली पाणी साचतं, पत्रा कुजेल. टब तिनं त्यासाठीच ठेवला होता. मी म्हणायचो, मागे टाकली तर विसरेन. बारा पावसाळे मी छत्री विसरलो नाही. गाडीला गंज फक्त माझ्या बाजूला आहे. तिची बाजू नव्यासारखी आहे.

दादाभाऊ उकिडवे बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी सोडलेली केबल कोपराभोवती परत गुंडाळायला घेतली.

"मंग हे तुमचंच काम, सर. मी हात लावनार नाय."

*

शिकवणी सुरू झाली. दादाभाऊंच्या दुकानात, जुन्या बॉनेटच्या तुकड्यांवर. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला; त्याला साधा रॉड लावला तर भोक बुजत नाही, वाढतं. त्याला बारीक वायर सोडणारं गॅसचं मशीन लागतं, आणि सलग ओघळ न सोडता एकेक टिपका देऊन थांबायचं असतं. पत्रा निवेपर्यंत थांबायचं. थांबणं मला चांगलं जमलं.

पण मी प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचो, घरी न्यायचो, मधोमध कापायचो, घासून आरशासारखा करायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचो. प्रत्येकात काही ना काही दोष निघायचा. तो मी वहीत लिहायचो. अठ्ठेचाळीस तुकडे झाले. मंगलताईंनी एकदा ते डब्यातले कापलेले अर्धे अर्धे तुकडे बघितले आणि विचारलं, "यातला एक तरी आख्खा ठेवला का, सर?"

नव्हता. दादाभाऊ म्हणाले, "पोस्टमॉर्टेम बास झालं. आता जित्याकडं बघा."

*

शेवटी मशीन घ्यायला दादाभाऊंबरोबर गेलो. विक्रेता तरतरीत होता. माझी वही बघून तो खुलला. त्यानं दोनशे अँपिअरपासून सुरुवात केली, पडदे असलेली, बटणं असलेली, ॲल्युमिनियमसुद्धा जोडणारी मशीनं दाखवली. मी प्रत्येकाला बरं म्हणत होतो. नाही म्हणायला मला नेहमी वेळ लागतो.

दादाभाऊंनी त्याला थांबवलं. "पत्रा पातळ, लाइन घरची, मानूस घाबरट. यात बसंल ते दे."

पाच मिनिटांत मशीन बांधून झालं. लहान, एका हातानं उचलता येईल असं, सोबत गॅसचा सिलिंडर आणि आपोआप काळं होणाऱ्या काचेचा मुखवटा. मी हळूच विचारलं की गॅरंटी कशी आहे. विक्रेत्याच्या आधी दादाभाऊच बोलले, "मशीनची हाय. तुमची नाय."

*

मशीन घरी येऊनही मी ते महिनाभर खोक्यात ठेवलं. एके दिवशी सकाळी उठलो आणि का कोण जाणे, भीती वाटत नव्हती. तसाच दुकानात गेलो, दादाभाऊंना म्हटलं, चला, आज तळ जोडू.

दुकानात सगळीकडे झेंडू. ग्राइंडरला झेंडू, ड्रिलला झेंडू, होल्डर आणि पक्कडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारांनी विश्रांती घ्यायची, त्यांना कोणी हात लावायचा नाही. वर्षातून एकदाच माझं धाडस झालं, ते नेमकं या दिवशी!

मंगलताईंनी मला पेढा दिला आणि एक माळ हातात ठेवली. तुमच्या मशीनला घाला म्हणाल्या. घरी येऊन मी पहिल्यांदा खोकं उघडलं ते माळ घालायला.

*

तळ जोडला तो दसऱ्यानंतरच्या मंगळवारी. दादाभाऊंनी बॅटरी काढली, सीट काढली, वाळूची बादली आणून ठेवली आणि मग खरंच हात खिशात घालून उभे राहिले. सुभेदार आग विझवायचं नळकांडं घेऊन सावधानमध्ये. मी चार तास टिपके देत होतो. मुखवट्याच्या आत चष्मा ओला होत होता, घामानं म्हणा. वेल्ड दिसायला अगदी ओबडधोबड झाला. माझ्या विद्यार्थ्यानं असा काढला असता तर मी त्याला पुन्हा करायला लावला असता.

पासिंगला पेठ रोडच्या आरटीओत गाडी मंगलताईंनी नेली. मी डावीकडे बसलो, पण पाय खाली टेकवले नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन, टाचा सीटच्या कडेवर. तिथल्या साहेबांनी खाली वाकून स्क्रूड्रायव्हरनं तळ चार वेळा ठोकला, वेल्डिंग कुठं केलं विचारलं. मंगलताई म्हणाल्या, घरीच. साहेबांनी सही केली.

साहेबांनी पास केलं होतं. मी नव्हतं केलं. येतानाही माझे पाय वरच.

मार्केट यार्डाच्या पुढे आलो आणि टोमॅटोचे क्रेट भरलेला एक पिकअप अचानक आमच्यासमोर वळला. मंगलताईंनी ब्रेक मारला. माझा उजवा पाय आपसूक खाली गेला आणि मी सगळं वजन टाकून तळ दाबून धरला. गाडी पिकअपच्या वीतभर मागे थांबली. पाय तिथंच होता. खाली पत्रा होता, टणक, आणि इंजिनची थरथर पायाला लागत होती.

मंगलताईंनी माझ्या पायाकडे बघितलं. "सर, तुमच्या बाजूला बी ब्रेक हाय व्हय?"

"आहे, शैला," मी म्हणालो. "तू पुढे बघ."

मंगलताईंनी समोर बघितलं. मग त्यांनी गिअर टाकला.

"बरं," म्हणाल्या.