पाच पन्नासची बस

गेल्या मंगळवारी तळवड्याच्या ऑफिसात बसून मी एक बसस्टॉप बंद करायला निघालो होतो. चाकणच्या एका कंपनीच्या बसचं ॲप मी सांभाळतो. थेरगावच्या एका स्टॉपवर तीन आठवडे कुणीच चढत नव्हतं.

तिथून एकट्या रत्नमालाताई जायच्या. पहिल्या शिफ्टला, काँट्रॅक्टवर. म्हटलं, काढण्याआधी विचारून तरी घ्यावं... म्हणून फोन लावला.

त्या म्हणाल्या की आता त्या कामाला नाहीत. ओळीने तीन दिवस बस चुकली, तीन लेट मार्क लागले, आणि काँट्रॅक्टरने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी वेळेवर आल्या तर बस गेलेली. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधी आल्या, तिसऱ्या दिवशी दहा... तरी गेलेली.

फोन ठेवला आणि कोड उघडला.

कोडमध्ये एक डिक्शनरी असते. शब्दकोशासारखीच, एका बाजूला स्टॉपचं नाव, दुसऱ्या बाजूला वेळ. पण आमच्याकडे वेळ लिहीत नाहीत, हिशोब लिहितात... पहिल्या स्टॉपची वेळ, अधिक इतकी मिनिटं. पहिली वेळ बदलली की बाकीच्या आपोआप बदलतात.

दिवाळीच्या आधी ताईंनी हेल्पलाइनवर फोन केला होता. पाणी दिवसाआड येतं, तेही नेमकं बसच्या वेळेला, ड्रम भरायला पाच मिनिटं मिळतील का? मी मोठ्या मनाने हो म्हटलं, ड्रायव्हरकाकांनाही कळवलं. कोडमध्ये वीसच्या जागी पंचवीस करायचं होतं, बास. पण मला जेवायला जायची घाई... हिशोब पुसून मी तिथे सरळ ‘५:५०’ टाकून मोकळा झालो. वर स्वतःवर खूशही झालो, काय सांगू.

मग गेल्या महिन्यात रस्ता खोदला आणि बस पंधरा मिनिटं आधी सोडायचं ठरलं. मी पहिली वेळ बदलली, बाकीच्या बदलल्या, सगळ्यांना मेसेज गेले. ताईंना गेला नाही. त्यांची वेळ बदललीच नव्हती ना... ती मी दगडासारखी तिथे ठेवून दिली होती.

ड्रायव्हरकाका पहिल्या स्टॉपवरून पंधरा मिनिटं आधी निघून पाच पस्तीसला तिथे यायचे, कुणी दिसलं नाही की निघायचे. त्यांचं काय चुकलं?

मी परत फोन केला आणि चूक माझी होती हे सांगितलं. तुम्ही तेव्हाच मला फोन का नाही केला, असंही विचारून बसलो.

“सर, मागं तुमीच पाच मिनिटं वाढवून दिली होती. परत परत कसं म्हणावं?” मग म्हणाल्या, “मला वाटलं माझंच घड्याळ मागं पडतंय. नवीन सेल टाकला त्यात.”

काँट्रॅक्टरला मेल केलाय, माझी चूक कबूल करून. दोनदा फोनही केला. जागा भरली, बघू, म्हणतो. मी त्याच्या मागे लागणार आहे... पण लागून काय होईल, माहीत नाही.

स्टॉप मी काढला नाही. ‘५:५०’ पुसून तिथे पंचवीस मिनिटांचा हिशोब लिहिलाय. आता वेळ अगदी बरोबर दिसते, आणि त्या वेळेला तिथे कुणी उभं नसतं.