अकरा दिवस मी फोन केला नाही

प्रिय निहार आणि सई,

तुम्ही दोघांनी हॉस्पिटलविरुद्ध लिहिलेली तक्रार मिळाली. तारखांच्या जागा मोकळ्या आहेत. आजीकडे सगळं टिपलेलं असतं, तिनेच त्या भराव्यात आणि इंग्रजीवरून नजर फिरवावी, असं सईने कळवलंय. इंग्रजी चांगलं आहे. पण ‘गुण येत असलेलं औषध डॉक्टरांनी कारण नसताना बंद केलं’ हे वाक्य खरं नाही. कारण होतं, आणि ते कारण मी आहे. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तक्रार जाण्याआधी सांगायला हवं.

फुप्फुसाचा कॅन्सर आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो छावणीचा. ते दुष्काळाचं वर्ष होतं. नेकनूरच्या अलीकडे, आपल्या गावच्या गायरानात, दूध संस्थेने जनावरांसाठी चारा छावणी काढायचं ठरवलं होतं आणि आजोबा संस्थेचे चेअरमन होते. सोमवारपर्यंत घरी जाता येईल का, एवढंच त्यांना हवं होतं.

गाठीचा तुकडा तपासून आल्यावर डॉक्टरीणबाईंनी औषध समजावलं. आपल्या रक्तात टी-सेल नावाच्या पेशी असतात, त्या शरीराची राखण करतात. त्यांच्या अंगावर, अगदी बाहेरच्या बाजूला, पीडी-वन नावाचं एक प्रथिन असतं. ते ब्रेकसारखं काम करतं. शरीराच्या स्वतःच्या पेशीने ते दाबलं की टी-सेल ओळखते, हा आपलाच, आणि मागे सरते. काही कॅन्सरच्या पेशी तेच दाबायला शिकतात. हे इंजेक्शन पीडी-वन झाकून टाकतं, मग ब्रेक लागत नाही. याला इम्युनोथेरपी म्हणतात, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकडूनच उपचार करून घेणं.

आजोबा म्हणाले, “म्हंजी आमच्या छावणीवानी. कानात बिल्ला आसंल तर राखणदार आडवत न्हाई. हे जनावर खोटा बिल्ला घालून घुसलंय.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “तसंच, काका. हे औषध राखणदाराला बिल्ला बघूच देत नाही. पण मग तो कधी कधी आपल्याच जनावरांना मारतो. आतड्याला, फुप्फुसाला, कशालाही. म्हणून काही झालं की त्याच दिवशी आम्हाला कळवायचं.” त्यांनी एक कार्ड दिलं. जुलाब वाढले तर लगेच फोन करा, हे त्यावर पहिल्याच ओळीत होतं. कार्ड इंग्रजीत होतं. मी ते वाचून दाखवलं आणि आजोबांना मराठीत सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

दर तीन आठवड्यांनी आम्ही औरंगाबादला जायचो. तीन इंजेक्शनांनंतर स्कॅन केला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. खोकला थांबला. आजोबा छावणीपर्यंत चालत जाऊ लागले, दिवसभर पत्र्याच्या शेडखाली बसून चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांचं वाटप बघू लागले. मला पुन्हा झोप लागायला लागली.

चौथ्या इंजेक्शननंतर सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी चार वेळा.

त्या महिन्यात सगळ्या गल्लीला जुलाब होते. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, त्याचं पाणी निळ्या ड्रममध्ये साठवायचं, आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर ओआरएसची पाकिटं वाटत फिरायच्या. टँकरचं पाणी बाधलं, असं मी म्हटलं. सगळे तेच म्हणत होते. पण आजोबांचं पाणी मी वेगळं उकळून, गाळून कळशीत भरून ठेवत होते. तेच पाणी मी पीत होते आणि मला काही झालं नव्हतं. हे मला दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं होतं.

फोन का केला नाही, ते लिहिते. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये परळीच्या एक बाई भेटल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं इंजेक्शन जुलाबांमुळेच थांबवलं होतं. मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. थांबवलं म्हणजे गाठ वाढणार, एवढंच मी धरलं. त्या गृहस्थांना गोळ्या देऊन इंजेक्शन परत सुरू केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

चौथ्या दिवशी आजोबा मोरीतून बाहेर येऊन भिंतीला टेकले. म्हणाले, “बाई, डॉक्टरला फोन लाव. हे टँकरचं न्हाई.” गावच्या शाळेत मी शिकवायचे, मुलं मला बाई म्हणायची, म्हणून तेही चिडवायला बाईच म्हणत.

मी म्हटलं, “गल्लीतल्या सगळ्यांना झालंय. त्यांनी काय डॉक्टरला फोन केलेत?”

“तू शिकलेली हायेस. तुला जास्त कळतंय.” असं म्हणून ते छावणीवर गेले.

नवव्या दिवशी हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन आला. पुढच्या इंजेक्शनआधी त्या सगळं विचारायच्या. जुलाब, ताप, दम? मी इंग्रजीत उत्तर दिलं, नो कम्प्लेंट्स. आजोबांच्या तब्येतीची रोजची वही मी नीट ठेवते हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसाच्या पानावर मीच लिहिलेला आकडा आहे, आठ.

अकराव्या दिवशी छावणीवर जुलाबातून रक्त पडलं आणि आजोबा शेडमध्येच खाली बसले. संस्थेच्या दुधाच्या पिकअपमधून, रिकाम्या कॅनांच्या शेजारी गादी टाकून त्यांना औरंगाबादला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “किती दिवस झाले?” वही माझ्या पिशवीत होती. मी बोलायच्या आत आजोबा स्ट्रेचरवरून म्हणाले, “हिला म्हाईत न्हाई. मीच लपवलं. छावणी सोडून यावं लागलं आसतं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. वही पिशवीतच राहिली.

दुर्बीण घालून मोठं आतडं पाहिलं. त्याला सिग्मॉइडोस्कोपी म्हणतात. कोलायटिस निघाला, म्हणजे आतड्याची सूज, आणि ती फार पुढे गेली होती. शिरेतून स्टिरॉइड दिलं, प्रतिकारशक्तीला आवरायला. एकोणीस दिवस वॉर्डात काढले. सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पहिल्या दोन-तीन दिवसांत कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, कदाचित इंजेक्शनही पुढे देता आलं असतं. आता नाही देता येणार.” हे त्या आजोबांना म्हणाल्या. आजोबांनी मान हलवली.

वॉर्डात मी एकदाच म्हटलं, मी जाऊन खरं सांगते. ते म्हणाले, “गप ऱ्हा. मी जाणार हाय. तुला ह्या लोकांत ऱ्हायचंय.”

त्यानंतर ते तेरा महिने होते. दुसरी औषधं दिली, त्यांनी काही महिने निभावलं. घरच्यांनी, गावाने, त्यांच्या हट्टाला नावं ठेवली. चेअरमनला जिवापेक्षा छावणी मोठी, असं लोक माझ्यासमोर म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचे. तुमचे बाबा तर त्यांना फोनवर रागावले होते; तुम्हा दोघांना मात्र औषध बंद झालं एवढंच कळवलं होतं.

गेल्या वर्षी तलवाड्याच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला हेच इंजेक्शन सुरू झालं होतं. त्यांना मी सगळं सांगितलं, तुमच्याआधी. परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं. मग रोज सकाळी फोन करून मी त्यांना विचारायचे, आज किती वेळा. जुलाब सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. आता ते गृहस्थ पुन्हा शेतात जातात. मला बरं वाटलं, आणि त्याबरोबर जे वाटलं ते बरं नव्हतं.

ज्यांच्या घरी हे औषध चालू असेल त्यांना एवढंच सांगणं आहे, की औषध थांबेल या भीतीने काही लपवू नका. लपवल्यानेच ते थांबतं.

तुमची तक्रार गेली असती तर हॉस्पिटलने आजोबांची फाइल काढली असती आणि दोष त्यांच्यावर आला असता. म्हणून मंगळवारी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले, वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी अकरा पानं सावकाश वाचली. ‘असू द्या’ असं त्या म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. फाइलमधली नोंद बदलता येत नाही, पण तुम्ही पत्र लिहून दिलंत तर ते जोडून ठेवते, असं म्हणाल्या. मी तिथेच बसून ते लिहिलं.

पत्र आता फाइलमध्ये शेवटी आहे. त्याच्या बऱ्याच आधी, दाखल केल्याच्या पानावर, पेशंटने पत्नीपासून त्रास लपवला, हे वाक्य अजून तसंच आहे.

तुमची आजी