गिटारवरचा अभंग आणि तात्यांचा पखवाज

मंडळी, आज सकाळी वारज्यात आमच्या घरी भजन होतं. सुरुवातीलाच लेकीने नेहमीचा अभंग गिटारवर, नव्या चालीत म्हटला.

लोणी काळभोरहून आलेले आमचे पखवाजवाले तात्या कडाडले, "गिटारवर अभंग? उद्या डीजे लावा, म्हंजे झालं!"

ती म्हणाली, "तात्या, तुमची गौळण तरी सिनेमाच्याच चालीवर आहे ना?"

तात्या पखवाजावर पुन्हा खोळ चढवू लागले. माझ्या वडिलांपासूनची तात्यांची संगत आज तुटणार, या भीतीने मी मनात नामस्मरण सुरू केलं.

खोळ अर्ध्यावर थांबली. "पोरी, कणीक भिजवून आण. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतो. तुझ्या सुराला जुळवायचाय."

तुमच्या घरी नव्या चालीला कोणी अशी साथ दिली आहे का?