चौदा नंबरचा शिरीष

आयुष्यभर मी कर्जतच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला आकडे शिकवले. त्यामुळे समोरच्याला काही येत नाही असं धरून चालायची खोड मला लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. त्या खोडीनेच घात केला. माझा नव्हे, तिचा.

ती म्हणजे बाजाररस्त्यावरच्या शिरीषाच्या झाडाखाली बसणारी भाजीवाली. डोंगरातल्या ठाकूरवाडीतून सकाळी उतरायची, प्लास्टिकचा कागद अंथरून शेवळं, टाकळा, करटोली, जे त्या दिवसांत रानात मिळेल ते मांडायची. शेवळांबरोबर काकडाची आंबट फळं न मागता टाकायची, खाताना घसा खाजू नये म्हणून. मी भिसेगावातून चालत जायची ती निम्मी भाजीसाठी, निम्मी त्या सावलीत टेकायला. शिरीष एवढा पसरलेला, की भर मे महिन्यातही तिची भाजी मान टाकत नसे.

गेल्या हिवाळ्यात एक माणूस टेप आणि रंगाचा डबा घेऊन आला. रस्त्याकडेची झाडं मोजत होता. शिरीषाचा बुंधा त्याच्या एकट्याच्या कवेत येईना, तेव्हा मीच पुढे होऊन टेपचं दुसरं टोक धरलं. "गणती का हो?" मी विचारलं. तो "हो" म्हणाला, वहीत काहीतरी लिहिलं, सालीवर पांढऱ्या रंगाने १४ काढला आणि पुढच्या झाडाकडे गेला.

ती उठून उभी राहिली. "बाई, आकडा घातला. झाड गेलं आता."

"अगं, गेलं कसलं?"

"आमचा बा जंगलखात्याचं कूप तोडायला जायचा. रानात सायेब झाडांना आकडं घालून जायचा, का मागनं कुऱ्हाड आलीच. तुमी अर्ज करा ना, बाई. तुमाला लिवता येतं."

मी हसले. शहाणपण पाजळलं. "ते रानातलं झालं गं. ही गणती आहे, माणसांची होते तशी. आकडा पडला म्हणजे झाड सरकारी कागदावर आलं. आता त्याला हात लावायची कोणाची टाप नाही." वर तिचं बोट धरून रंग वाळल्यावर सालीवरून फिरवलं. हा एक, हा चार. तुझ्या जागेचा नंबर. तिने स्वतःहून दोन-तीनदा गिरवून पाहिला. मला फार बरं वाटलं. अर्ज मी केला नाही.

पावसाच्या तोंडावर, शेवळं यायच्या दिवसांत रस्त्याकडेला पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. तिथे नवी सरकारी इमारत होणार आणि ओळीतली सगळी झाडं आड येतात, असं चहावाल्याकडून कळलं. मी तशीच नगरपालिकेच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून माझाच विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला, खुर्ची दिली आणि खाली बघत म्हणाला, "बाई, हरकतींची मुदत संपली. नोटीस महिनाभर बाहेरच्या फळ्यावर लावली होती. एकही अर्ज आला नाही."

एकही नाही. त्या फळ्यासमोरून मी कितीदा गेले असेन, चष्मा नाकावर असताना.

दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा शिरीषाचे ओंडके टेंपोत चढवत होते. रस्ता नुसता पांढरा भगभगीत दिसत होता. ती टोपली डोक्यावर तशीच घेऊन उन्हात उभी होती. मला वाटलं, चार शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मला रडू आवरेना, आणि तिच्यासमोर रडायचीही लाज वाटली.

तिने टेंपोकडे बघितलं. सालीसकट एक जाड ओंडका वरच होता, त्यावरचा पांढरा आकडा अजून ठसठशीत.

"ह्योच ना बाई, आपला?"

आणि खात्री करायला तिने हवेत बोटाने आधी एक काढला, मग चार. अगदी बरोबर, मी शिकवला होता तसा.