गयामावशींचे पाचात पाच

गयामावशी मोबाइल बघत नसत, ऐकत असत. उस्मानपुऱ्यातल्या एका मेसमध्ये आम्ही दोघी पोळ्या लाटायचो, राहायलाही शेजारीच होतो. त्यांचा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला असायचा आणि त्यातून कुणीतरी सारखं सांगत असायचं, गुडघ्यांना काय लावावं, पित्तावर काय घ्यावं. मावशींना अक्षरओळख नव्हती. नातवानं एकदा लावून दिलं की पुढचं आपोआप लागत जायचं. मेसमधल्या कॉलेजच्या मुलांनाही त्या औषधं सांगायच्या. मुलं हसली की म्हणायच्या, "हसा, हसा. मी लई शिकलेली हाय, फक्त शाळंत गेले नाय."

उन्हाळ्यात त्यांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्या. सकाळी दुधीचा रस घेतला की गोळी लागत नाही, असं मोबाइलमधल्या माणसानं सांगितलं होतं. "सुनेला सांगू नको हां, शोभा. उगं डोकं खाईल माझं." मी बरं म्हटलं. मला बरं म्हणणं जमतं, त्यापुढचं जमत नाही.

त्याच आठवड्यात नर्सिंग शिकणारी एक मुलगी गल्लीत आली. मोबाइलवरची आरोग्याची माहिती कोणत्या वयाच्या माणसांना किती कळते, हे तिला मोजायचं होतं. तरुणांची यादी वेगळी, माझ्या वयाच्या बायकांची वेगळी, साठीपुढच्यांची वेगळी. "खरी माहिती कोणती, खोटी कोणती, हे ओळखता येतं का? एक ते पाचमध्ये किती मार्क द्याल?" मी चौथी शिकलेली. खरं ते सांगितलं, एक. मावशी मात्र प्रत्येक प्रश्नाला ठणकावून "पाच!" म्हणाल्या. मुलीनं कौतुकानं लिहून घेतलं आणि पाणी पिऊन पुढं गेली.

ती जाताच मावशी माझ्यावर उखडल्या. "लेकरू एवढ्या उन्हाचं दारात आलं, अन् तू त्याला एक मार्क देती व्हय? नापास करतील ना तिला!"

मार्क त्या मुलीला द्यायचे आहेत, असं मावशी धरून चालल्या होत्या. मुलगी तीन दारं पलीकडंच उभी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

कमी मार्कवाल्यांना त्या मुलीनं रविवारी विहारात शिकायला बोलावलं. मावशींचं नाव यादीत नव्हतं. तिथं मुलीनं सांगितलं, व्हिडिओ ऐकून चालू गोळी सोडायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. ते वाक्य मी मेसपर्यंत घोकत आले आणि मावशींना ऐकवलं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "एक मार्कवाली मला शिकवती! लाट गपचिप, तवा तापलाय." मी लाटायला बसले.

पुढं दहा-बारा दिवसांनी लाटणं त्यांच्या हातून सुटलं. उचलायला वाकल्या, तर उजवा हात हलेना आणि तोंड वाकडं झालं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सून धावत आली. गोळ्या नियमित होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. "हो, रोज घेतात," ती म्हणाली. मावशींची वाचा गेली होती. त्या नुसत्या माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "नाही. बंद होत्या."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

चौथ्या दिवशी मावशी गेल्या. सून मला काही बोलली नाही. अजूनही रस्त्यात भेटली की विचारते, जेवलात का. तिनं एकदा माझ्याशी भांडावं, असं मला वाटतं.