इब्राहीमभाईंनी काढलेलं गाव

सलीमचा फोन एका सकाळी आला. "काका, अब्बा गेले. झोपेतच... काही त्रास झाला नाही." श्रीवर्धनजवळच्या आपल्या गावात, नातवंडांच्या गलबल्यात, भरल्या घरातून इब्राहीमभाई गेले. वाईट वाटलं, पण जिवाला चुटपूट लागली नाही. असं पुरतं जगलेलं माणूस गेलं की त्याच्याविषयी बोलताना हसूच येतं. महिना होऊन गेला, मी घरात त्यांच्याविषयीच बोलतो आहे.

पन्नासच्या दशकात आम्ही दोघं कुवेतला, फहाहीलमध्ये एका खोलीत राहत होतो. मी तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून, ते ड्राफ्ट्समन. दिवसभर पाइपलाइनींचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी सुरमईचं कालवण असं करायचे, की शेजारचे पंजाबी ताटं घेऊनच यायचे. त्यांचा साहेब टर्नर नावाचा, उतारवयाचा, एकटा. बाकीचे गोरे क्लबात बसत, हा आपल्या गावाचा इतिहास लिहीत बसे. इंग्लंडातलं चिमुकलं खेडं ते. एक चर्च, एक पाणचक्की, थोडीशी घरं. कोणतं घराणं कुठून आलं, कुणाची मुलगी कुणाकडे दिली, चर्चच्या आवारात कोण कुठे पुरलंय, सगळं त्याला लिहायचं होतं. पुस्तकाला नकाशा हवा होता, तो इब्राहीमभाईंनी काढायचं ठरलं.

साहेब आठवून सांगे, हे काढत. पण नुसत्या रेघा मारून यांचं समाधान होईना. "इथं कोण राहतं? मुलं काय करतात? चक्कीवाल्याशी नातं कसं लागतं?" असं खोदून खोदून विचारत. पुढे पुढे तर खोलीवर आल्यावर मला त्या गावच्या गोष्टी सांगू लागले, जणू शेजारच्या वाडीतल्याच!

एकच घर कोरं राहिलं, टेकडीखालचं. साहेब म्हणाला, "ते सोड."

"साहेब, त्या घरातून धूर निघतो?" इब्राहीमभाईंनी विचारलं.

"निघतो."

"मग कुणीतरी राहतं."

साहेब तडक उठून गेला. ते घर त्याच्या धाकट्या भावाचं, जॉर्जचं होतं. वडिलांच्या दफनाला तो आला नाही, तेव्हापासून साहेबानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं; घराण्याच्या इतिहासातूनही त्याला वगळलं होतं. हे आम्हाला हेडक्लार्ककडून कळलं आणि मी घाबरलो. म्हटलं, "अहो, साहेबाच्या घरच्या भांडणात कशाला पडता? नोकरी जाईल."

"जाऊ दे," ते म्हणाले. "माणूस जिता असताना त्याचं घर मी मोकळं कसं दाखवू?"

साहेब बरेच दिवस कामापुरतंच बोलला. मग एका शुक्रवारी दुपारी अचानक आमच्या खोलीत आला. जेवला, बोटं चाटली. पेन्सिल मागून घेतली आणि त्या कोऱ्या चौकोनात स्वतःच्या हातानं जॉर्जचं नाव लिहिलं.

रजेवर जाताना तो नकाशा घेऊन गेला आणि परतला तो खुशीत. जॉर्जनं म्हणे दारातच नकाशा उलगडला, निरखून पाहिला आणि इतक्या वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलला ते असं, "तळं चुकीच्या बाजूला दाखवलंय." दोघं भांडत भांडत तळं बघायला गेले. ते जॉर्ज म्हणाला तिथंच निघालं! "चूक साहेबाची हां, माझी नाय," इब्राहीमभाई मला म्हणाले आणि खोडरबर घेऊन बसले.

साठच्या दशकात कंपनीनं त्यांना शिकायला इंग्लंडला पाठवलं. साहेब तोवर निवृत्त होऊन जॉर्जच्याच घरी राहत होता. तेव्हाचा किस्सा त्यांची बायको, हमीदाभाभी, त्यांना हटकून सांगायला लावत. गेल्या ईदला आमची शेवटची भेट झाली, तेव्हाही लावला. बसमधून उतरून हे कुणाला न विचारता साहेबाच्या घराकडे निघाले होते. वाटेत एक मोटार थांबली. दुसरं कुणी दिसेना, म्हणून आतल्या मडमेनं यांनाच चक्कीचा रस्ता विचारला.

"चर्चवरून डावीकडे वळा," इब्राहीमभाईंनी सांगितलं. "पुढं लोहाराचं घर लागेल. तिथल्या म्हातारीला विचारू नका, तिला ऐकू येत नाही. सरळ जा."

मडम बघतच राहिली. "तुम्ही इथलेच का?"

"नाही बाई, मी कोकणातला," ते म्हणाले. "पण इथली माणसं माझ्या ओळखीची आहेत."